खंडूचा एकच शिळा फोटो

खंडू गेला त्या सकाळी मी त्याच्या फोटोला लाइक दिलं होतं.

फोटो न बघता.

कंपनीची बस यायची होती. उभ्या उभ्या अंगठा मारला आणि पुढं सरकलो.

दुपारी तो गेल्याचा फोन आला, तेव्हा बघितला. ट्यूबलाइटच्या बाजूला एक पाल. खाली त्याचा नेहमीचा एकच शब्द, "आज."

असा फोटो कोण काढतो? गादीवर उताणा पडलेला माणूस काढतो. एवढं कळायला मला त्याच्या दारात तिरडी बघावी लागली.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. खंडू माझा पिशोरचा दोस्त, पहिलीपासूनचा. आमची शेती, त्यांची मेंढरं. पुढं दोघंही शहरात आलो. मी वाळूजला कंपनीत, तो उस्मानपुऱ्यात दुसऱ्या मजल्यावर भाड्यानं. बियाणं विकायची फिरतीची नोकरी.

चार वर्षं त्यानं रोज एक फोटो टाकला. एकच. आणि त्याच दिवशीचा.

मला म्हणायचा, "भाकर शिळी चालंल दिग्या, फोटो नाय."

पाणचक्कीच्या वडाच्या पारंब्या. हिमायतबागेत तारेवर बसलेला वेडा राघू. पिशोरच्या बाजारात बैलाच्या पाठीवर ऐटीत उभा कावळा. भडकल गेटच्या दगडात उगवलेलं पिंपळाचं रोप.

मी म्हणलं, "अरे, मी रोज जातो त्या गेटखालून. मला कसं नाय दिसलं?"

"तू जातो. मी थांबतो. मेंढरामागं फिरल्याला घाई नसती बाबा."

होळीनंतर त्याचे फोटो घराच्या जवळ जवळ यायला लागले. हे मी आता सांगतोय. तेव्हा एकालाही जाणवलं नाही.

आधी फोटोत गावं यायची बंद झाली. मग शहर. मग त्याची गल्ली, मग गच्ची. शेवटी उरला खिडकीतला कडुलिंब. रोज तोच. कधी फुलोरा, कधी खारुताई, कधी नुसती समोरच्या भिंतीवर पडलेली सावली.

आणि मी, लई मोठा विनोदी माणूस. सगळ्यांसमोर कमेंट टाकली,

"काय खंड्या, महिनाभर त्योच लिंब? वहिनीनं कोंडून ठिवलं का? बाहेर पड की जरा!"

लोक लई हसले. तुमच्यातले बरेच जण होते त्यात. त्या लिंबाच्या फोटोखाली जाऊन बघा, अजून आहेत ते हसरे चेहरे.

खंडूनं उत्तर दिलं, "व्हय. उद्या जातो."

दुसऱ्या दिवशी फर्दापूरचा घाट. हिरवागार. कड्यावरून पाण्याच्या धारा.

मी लिहिलं, "हां! आता कसं!!"

मे महिना होता हो.

मे महिन्यात फर्दापूरच्या डोंगरावर हिरवं पान दिसत नाही. त्याच आठवड्यात माझ्या भावानं पिशोरहून फोन करून विहीर आटल्याचं सांगितलं होतं. शेतकऱ्याचं पोर मी. माझ्या डोळ्यावर काय कातडं ओढलं होतं?

आणि त्या फोटोखाली "आज" नव्हतं. चार वर्षांत पहिल्यांदा.

आज दहावं झालं. सगळे गेल्यावर मंदा वहिनी माझ्याजवळ येऊन बसल्या. पोटातल्या गाठीचं त्यानं कुणालाच सांगू दिलं नव्हतं. घरात दोघांनाच माहीत.

मी विचारलं, "वहिनी, त्या दिवशी तो खरंच फर्दापूरला गेला होता?"

"कुठलं भाऊजी. तुमचं लिहिलेलं वाचून सकाळी उठले, शर्ट-पँट घातली, बूट घातले. 'चल, दिग्या म्हणतोय बाहेर पड,' म्हणले. अर्धा जिना उतरले अन् बसले पायरीवर. उठंनात. शेजारच्यानं अन् मी धरून वर आणलं."

मग त्यानं तासभर जुने फोटो धुंडाळले.

"मी म्हणलं, शिळा कशाला टाकता? तर म्हणले, 'मुद्दाम टाकतो. बाकीच्यांला नाय कळायचं. दिग्या पिशोरचा हाय. उन्हाळ्यात हिरवं दिसलं की समजंल त्याला, कायतरी बिघडलंय. येईल पळत.'"

वहिनी सांगत राहिल्या.

"मी म्हणलं, फोन करा की सरळ. तर नाय. 'बोलावल्यावर आजाऱ्याला भेटाया येईल गं. वळखून आला तर माझ्याकडं येईल.'"

त्या दिवशी गाडीचा आवाज आला की तो वहिनींना खिडकीत पाठवायचा. दोन कप चहा जादा ठेवायला लावला. माझ्या "हां! आता कसं!!" वर तो हसला म्हणे. मग भिंतीकडं तोंड करून झोपला.

वाळूज ते उस्मानपुरा. गाडीवर अर्धा तास.

त्यानंतर तो अकरा दिवस होता. अकरा फोटो टाकले. अकराही फोटोंना माझं लाइक आहे. लाइक देताना त्यातला एकही मी बघितला नव्हता. आज त्याच्या खोलीत बसून एकेक बघितले. उशीवर आलेली मुंगी. ग्लासातल्या पाण्याचा छतावर पडलेला उजेड. पाल.

सोबतचा फोटो मी काढलाय, दुपारी, त्याच्या खिडकीतून. नीट आलेला नाही. लिंबोळ्या धरल्यात. खाट वहिनींनी काढून टाकली, म्हणून उभं राहून काढला. त्याला पडल्या पडल्या एवढा लिंब दिसत नसणार.

खाली हात जोडलेली चित्रं टाकू नका. फोटो बघा आधी. आणि आपल्या मित्रांच्या यादीत जाऊन बघा, कुणाचे फोटो जवळ जवळ यायला लागलेत.

भावपूर्ण श्रद्धांजली लिहायचं माझं तोंड नाही.

खंड्या, कळलं रे. फर्दापूरचं कळलं मला.

आलोय. वर ये म्हण ना.

आज.