अर्धी सारवलेली उतरण

तेलगावच्या पेठेत मृत्युंजयचं किराणा दुकान होतं. त्या वर्षांत दुकानाच्या दारावर शाम्पूच्या पुड्यांच्या माळा लोंबायला लागल्या होत्या, शेजारी पिवळ्या पाटीचा टेलिफोन आला होता, आणि साबणांची नवी नवी नावं घेताना गिऱ्हाइकांची जीभ अडखळत होती. या सगळ्या झगमगाटाच्या मागं, मिठाच्या पोत्याआड, मृत्युंजयची बायको महानंदा उकिडवी बसून पोळपाटावरून लिंबू सोडत होती.

"अगं, गिऱ्हाईक बघायलंय," मृत्युंजय हळू आवाजात म्हणाला.

"बघू द्या."

"काय सांगू त्याला? बायको लिंबू उतरवायली म्हणून?"

"सांगा, शाळेची तयारी करायली."

"गोट्या खेळायचा पगार देतंय व्हय सरकार आता?" तो हसला. पण हसता हसता त्यानं बरणीतून काचेची एक गोटी काढून तिच्याकडं टाकली. मृत्युंजयचं असंच होतं. तोंडानं चिडवायचा आणि हातानं मदत करायचा.

महानंदा दिंद्रुडची लेक. बारावी झाली, लग्न झालं, लिंगायतांच्या या दुकानदार घरात आली. गावाबाहेरच्या माळावर मेंढपाळांची वस्ती होती, तिथं सरकारनं वस्तीशाळा काढली आणि शिकवायला महानंदा जाऊ लागली. शाळा म्हणजे कडुलिंबाचं झाड आणि त्याला टेकून घातलेलं पत्र्याचं छप्पर. रोज सकाळी ती पायी जायची. बांधावरून, कापसाच्या रानातून, उसाच्या पाण्यानं चिखल झालेल्या वाटेनं. पावसापाण्यात कधी तिनं दांडी मारली नाही.

माजलगावच्या प्रशिक्षणात त्यांना सांगितलं होतं की लहान लेकरांना उत्तर देऊ नका, हातात वस्तू द्या. बाकीच्या बायांनी हे ऐकलं आणि चहा प्यायला. महानंदानं ते पदराच्या गाठीला बांधून घरी आणलं. धडा होता उताराचा. वस्तू उतारावरून कशी येते, कोणती लवकर येते, कोणती अडते.

तिला वाटलं, यात काय आहे? जड ते आधी येणार. तरी करून बघावं म्हणून तिनं पोळपाटाखाली धान्याचं माप ठेवलं आणि वर कवठ नि गोटी शेजारी शेजारी धरून सोडली. दोन्ही बरोबरीनं खाली आली. तिला वाटलं, हात चुकला. पुन्हा सोडली. पुन्हा बरोबर. मापाखाली पाट घालून उतार वाढवला. दोघंही जोरात आली, पण बरोबरच आली. सुपारी सोडली तर ती वाकडीतिकडी जाऊन डाळीच्या पोत्याखाली शिरली. चुलीची फुंकणी आडवी सोडली तर ती सरळ मृत्युंजयच्या पायाशी गेली.

महानंदानं कवठ हातात तोलून बघितलं. आपल्याला जे ठाऊकच नव्हतं, ते आपण उद्या लेकरांना ठासून सांगणार होतो, याचं तिला भय वाटलं. त्याच दिवशी तिनं ठरवलं की वर्गात आपण विचारायचं आणि मग गप्प बसायचं. बोलक्या माणसाला गप्प बसणं किती अवघड, हे बोलकं माणूसच जाणे. महानंदानं त्याचीही तयारी केली. भाकरी थापता थापता ती स्वतःला प्रश्न विचारायची आणि ओठ मिटून घ्यायची. मृत्युंजयला काही दिवस वाटलं, ही रुसली.

पण या धड्यावर नुसता धडा अवलंबून नव्हता.

दिवाळी झाली की वस्ती मेंढरं घेऊन गोदाकाठाकडं निघायची. मेंढरांबरोबर घोडी, घोड्यांवर बिऱ्हाड, आणि बिऱ्हाडाबरोबर लेकरं. परत यायची ती उन्हाळा सरताना, पाटीवरची अक्षरं पुसून. वस्तीचा शब्द भिवराबाईचा. केस पांढरेफेक, पाठ ताठ. कोणत्या शिवारात मेंढरं बसवायची, कुठं पाणी लागेल, हे तिच्या डोक्यात. लेकरं मागं ठेवायची तर त्यांच्याजवळ कुणीतरी राहायला हवं, आणि ते भिवराबाईच सांगणार.

"लेकरं ठेवा आजी," महानंदा दर आठवड्याला म्हणायची.

"कावून ठेवू? अ आ ई तर मेंढरामागंबी म्हणता येतंय," भिवराबाई म्हणायची. एकदा मात्र म्हणाली, "तू त्यांना काय शिकवतीस, ते मला एक डाव बघू दे. पटलं तर बघू."

निघायच्या आदल्या दिवसाची सकाळ ठरली.

महानंदानं दुकानातली फळी मागितली. टेम्पोतून पोती घसरवायची ती सागवानी लांब फळी. पण नेमका माल यायचा होता, मृत्युंजयनं नाही म्हटलं. मग तिनं लिंबाखाली मातीचीच उतरण घातली. लेकरांनी पांढरी माती आणली, पाणी आणलं, तुडवलं. वर उंच, खाली निमुळती होत गेलेली. दगडानं घोटून घोटून महानंदानं ती अशी गुळगुळीत केली की उन्हात चमकायला लागली. गोटी सोडली की सुर्रकन खाली. बबिता नावाची भिवराबाईची नात तर खाली ओंजळ धरून बसली आणि उठेचना.

ठरलेल्या सकाळी महानंदा आली आणि वाटेतच थबकली.

उतरण हिरवी झाली होती. वरपासून खालपर्यंत शेणानं सारवलेली, बोटांचे अर्धगोल एकाखाली एक उमटलेले, माथ्यावर हळदकुंकू. बाजूला बबिताची आई, भिवराबाईची सून सत्यभामा कौतुकानं उभी होती.

"कोरा वटा रातभर ठेवू न्हाई बाई," ती म्हणाली. "आमच्यात चालत न्हाई. तुमच्या ध्यानात ऱ्हायलं नसंल म्हून मीच सारवलं."

भिवराबाई घोंगडी टाकून आधीच बसली होती. लेकरं वाट बघत होती. महानंदानं माथ्यावरून गोटी सोडली. गोटी एका अर्धगोलात अडखळली, दुसऱ्यात रखडली, आणि मधेच बसली.

"एवढंच व्हय?" भिवराबाई म्हणाली.

महानंदाचा हात खुरप्याकडं गेला. खरवडायला कितीसा वेळ? पण सत्यभामाच्या नखांत अजून शेण होतं. रात्री जागून तिनं ते केलं होतं, शाळेसाठी. महानंदानं खुरपं पायानं मागं सरकवलं, आणि जी तयारी केली होती तीच केली. विचारलं.

"काल पळत होती. आज कावून अडली?"

आणि ओठ मिटून घेतले.

लिंबावर कावळा ओरडला. सत्यभामाचा चेहरा उतरला.

"वलं हाय म्हून," शेवटी भिवराबाईच म्हणाली.

"कुठं वलं हाय? वाळलंय, आजे," बबिता म्हणाली. तिनं उतरणीवर तळवा फिरवला, मग डोळे मिटून पुन्हा फिरवला. "हे धरतंय बाई. पकडून ठिवतंय गोटीला."

"काय धरतंय? हात हायत का त्याला?"

"तू लावून तर बघ!"

म्हातारी उठली. सगळ्या वस्तीला धाक असलेली ती बाई नातीशेजारी वाकली आणि तिनंही तळवा फिरवला. मग महानंदाच्या पिशवीतून कवठ उचललं. "गोटी हलकी हाय. हे बघ कसं जातंय." कवठ त्या अर्धगोलांवरून गडगडत थेट खाली गेलं. "काय म्हणलं? जड हाय त्येच जिंकणार!"

महानंदाला उत्तर ठाऊक होतं. ते तिच्या दातांशी येऊन थांबलं होतं.

"मग पत्र्यावर सोड," बबिता म्हणाली. दोघी तिघींनी कोकरांच्या वाड्याचा पत्रा ओढत आणला, लिंबाला टेकवला. भिवराबाईनं एका हातात कवठ धरलं, दुसऱ्या हातात गोटी. सोडली. दोन्ही एकदमच खाली आदळली.

"तू ढकललीस!" बबिता ओरडली.

"म्या ढकलते व्हय गं?" भिवराबाईनं पुन्हा सोडली. बरोबर. जागा बदलून सोडली. बरोबर. तिच्या कपाळावर आठ्या पडल्या आणि डोळे मात्र लेकरासारखे झाले. मग पत्र्यावर वाळू टाकून झालं, घोंगडी अंथरून झालं, सुपारी झाली, शेळीची लेंडीसुद्धा झाली. लेकरं भांडत होती, ओरडत होती, "आधी सांगा कोण येणार" म्हणून एकमेकांना अडवत होती. सत्यभामा हसून म्हणाली, "बरं झालं की सारवलं!" आणि महानंदा म्हणाली, "लई बरं झालं, ताई. तयारीत माझं हेच ऱ्हायलं होतं."

वाड्यात मेंढरं ओरडायला लागली तेव्हा भिवराबाई भानावर आली. लेकरं ठेवते की नाही, काहीच न बोलता घोंगडी झटकून निघून गेली.

महानंदा संध्याकाळपर्यंत घुटमळली. मेंढरं परतली, घोड्यांची खोगिरं बाहेर निघाली, गाठोडी बांधली जाऊ लागली. सत्यभामानं जायच्या आधी शेणाची पाटी आणली. खेळून खेळून उतरण उखडली होती. मातीचा हात देऊन ती सारवायला वाकली, तेवढ्यात मागून आवाज आला.

"थांब."

भिवराबाई आली. बोटानं तिनं उतरणीच्या मधोमध वरपासून खालपर्यंत रेघ ओढली.

"हितपातूर सारव. पल्याडचं कोरं ठेव. घोटून."

"अवो मामी, कोरं? रातभर?"

"लेकरांना लागतंय," भिवराबाई म्हणाली.

मग लेकाकडं वळली. सुग्रीव पहाटेसाठी बिऱ्हाड बांधत होता. "माझं गाठुडं सोड रं. अन् बबिताचंबी. म्या ऱ्हाते हितं. गोदाकाठची वाट आता तुला ठावं हाय."

ती मेंढरांमागं गेली नाही असं एकही वर्ष नव्हतं. सुग्रीवनं एकदा तिच्याकडं बघितलं आणि गाठोडं सोडलं. दोन घरांनी लेकरं न्यायचंच ठरवलं. बाकीची राहणार होती.

महानंदा दुकानात पोचली तेव्हा सागवानी फळी पुसून दाराशी उभी करून ठेवलेली होती. मृत्युंजय तागडीत डोकं घालून म्हणाला, "माल उतरला. आता ने."

"न्हाई लागत," महानंदा म्हणाली, आणि मिठाच्या पोत्याआड जाऊन परातीत पाणी ओतायला लागली. पुढचा धडा तरंगण्याबुडण्याचा होता.