डोके पुन्हा फिरल्यास करावयाची व्यवस्था

बहात्तरच्या दुष्काळात दादाचं डोकं पहिल्यांदा फिरलं. वैरागहून मामा आले, त्यांनी त्याला दोरानं बाजेला बांधलं आणि चहा मागितला. चार दिवसांनी कुणाला तरी डॉक्टरांची आठवण झाली. दोन महिन्यांत दादा बरा झाला आणि पुन्हा शाळेत गणित शिकवू लागला. मनगटांवरचे वळ मुलांना दिसू नयेत म्हणून भर एप्रिलमध्ये तो पूर्ण बाह्यांचा शर्ट घालायचा.

पुढच्या वर्षी एका रविवारी तो मला म्हणाला, "तू टायपिस्ट आहेस ना? मी सांगतो ते लिहून घे आणि उद्या कचेरीत टाईप कर. दोन प्रती."

मजकूर शाळेच्या परिपत्रकासारखा होता. मी दोन दिवस झोपलो नाही व पत्नीशी इंग्रजीत बोलू लागलो, तर आजार सुरू झाला असे समजावे. मामांना कळवू नये. पत्नीने समजूत घालू नये. ती रडते व मी चिडतो. धाकट्या बहिणीने टांगा आणावा. वाटेत मी जे बोलेन त्यास हो म्हणावे. माझे हात बांधू नयेत, माझ्याकडून पाढे म्हणून घ्यावेत.

वहिनी म्हणाली, "अहो, असलं लिहून ठेवलं की पुन्हा होतं."

"न लिहिता झालंच होतं की," दादा म्हणाला.

दादानं आणि डॉक्टरांनी दोन्ही प्रतींवर सह्या केल्या.

दीड वर्षानं सहामाहीच्या पेपरात दादानं सगळ्या वर्गाला शंभरपैकी शंभर दिले. हेडमास्तरांचा शिपाई घरी आला, तेव्हा दादा वहिनीकडे इंग्रजीत भाजी मागत होता. मी कागद त्याच्यासमोर ठेवला.

"हे कुणी लिहिलंय?"

"तू."

"सही माझी आहे. पण माणूस भित्रा दिसतो." त्यानं लाल शाईनं माझी एक वेलांटी दुरुस्त केली. मग कागदाची घडी घालून माझ्या हातात दिली. "लिहिलंय तर आण टांगा."

वाटेत तो म्हणाला, "सोलापूरला समुद्र आणतोय मी. कंबर तलावाच्या पलीकडे."

"हो," मी म्हणाले.

टांगेवाल्यानं मागं वळून विचारलं, "खरंच का, बाई?"

"हो."

दवाखान्यात कळलं, डॉक्टर रजेवर. वॉर्डबॉय कातडी पट्टे घेऊन आला. मी कागद सिस्टरच्या हातात दिला. तिनं तो उभ्यानंच पुरता वाचला, वॉर्डबॉयला पट्टे परत न्यायला सांगितले आणि दादाजवळ स्टूल ओढून बसली. "एकोणतीसचा म्हणा, मास्तर."

दादानं म्हटला. मग सदतीसचा. इंजेक्शन दिलं तेव्हा तो त्रेपन्नच्या पाढ्यात होता आणि एकदाही चुकला नव्हता. मी व्हरांड्यात जाऊन रडले. कागदात मनाई फक्त वहिनीला होती.

तीन आठवड्यांनी घरी आल्यावर त्यानं आधी पेपर पुन्हा तपासले. बावीस मुलं नापास झाली. मग त्यानं व्यवस्थेचा कागद सुधारायला घेतला: एक प्रत हेडमास्तरांना द्यावी.

वहिनीनं त्याच्या हातातून पेन घेतलं आणि खाली स्वतःच्या अक्षरात लिहिलं, 'मी रडणार. आणि टांग्यात मीही बसणार.'

दादानं ते दोनदा वाचलं आणि समोर 'मान्य' असं लिहिलं.

आजार गेला नाही. पुढे आणखी दोनदा आला. दोन्ही वेळा टांग्यात आम्ही तिघं होतो.