दुसरा सात

मंगळवार, ११ फेब्रुवारी २०२५. सकाळी पाणी कमी दाबाने. ऋग्वेदा येऊन चाळीस चित्रं घेऊन गेली. फोटो काढून आठवड्यात परत आणते म्हणाली.

गिरगावातल्या लीलाताई तळपदे यांच्या डायरीतली ही नोंद. शाळेत नन्सनी लावलेली रोज लिहायची सवय ऐंशीव्या वर्षीही सुटली नव्हती. ऋग्वेदा त्यांच्या दिराची नात, कला शिकलेली.

चित्रांची तऱ्हा लीलाताईंची स्वतःची. पेपरातलं सुडोकू सोडवायचं, मग पट्टीने एक्याऐंशी घरं आखायची. ओट्यावर नऊ वाट्या पाण्याच्या. पहिलीत डायरीच्या निळ्या शाईचा एक थेंब, नववीत नऊ. एकाच्या घरात पहिल्या वाटीतला फिका निळा, नवाच्या घरात सगळ्यात गडद.

एकाच चित्रात चूक होती, चार ऑगस्टच्या. ते कोडं लीलाताई हॉस्पिटलच्या बाकावर सोडवत होत्या. चौथ्या रांगेतल्या शेवटच्या रिकाम्या घरात सात लिहिला आणि नर्सने हाक मारली. त्यांचे यजमान कमलाकांत गेले होते. त्या रांगेत एक सात आधीच होता, हे त्यांना महिन्याने, रंगवताना दिसलं. तरी दोन्ही सात तसेच रंगवले.

आठवडा उलटला, चित्रं आली नाहीत. फोन केला की ऋग्वेदा म्हणे, "आणते गं आजी, जरा गडबडीत आहे." आठ मार्चला शेजारची प्रिती म्हणाली, "काकू, परळला तुमच्या ऋग्वेदाचं प्रदर्शन बघितलं. काय सुरेख निळे चौकोन काढलेत तिने!"

लीलाताई टॅक्सीने परळला गेल्या. भिंतीवर चाळीसच्या चाळीस, प्रत्येकाखाली ऋग्वेदा तळपदे.

"आजी! कळवायचं ना, गाडी पाठवली असती."

"नाव तुझं कसं?"

"हळू बोल ना. गॅलरीवाल्यांना नवीन आर्टिस्ट हवा होता. तू कुठे मुलाखती देत बसणार? आणि आडनाव तर आपलं एकच."

लीलाताई चार ऑगस्टच्या चित्रासमोर जाऊन उभ्या राहिल्या. चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. चौथ्या रांगेत एकच सात होता.

"इथला सात काय केलास?"

"चुकला होता गं तो. लोक छटांचे अंक लावून मोबाइलवर तपासतात, हसं झालं असतं. वरून शाईचे दोन हात दिले, झाला नऊ. कळतसुद्धा नाही."

"मला कळतं. तो सात लिहिताना हे गेले." लीलाताईंचा आवाज चढला नाही. "ज्यांचं आडनाव लावतेस ना, त्यांचा होता तो."

ऋग्वेदाने आजूबाजूला पाहिलं. "आजी, प्लीज, इथे नको. पत्रकार आलेत."

"मग त्यांच्याकडे जा," म्हणून लीलाताई जिना उतरल्या.

संध्याकाळी डायरीत एवढंच लिहिलं: नऊही वाट्या घासून मांडणीत ठेवल्या. उद्या आमटीला काढायच्या.