वैजयंती नावाची कुणी नव्हतीच

केजच्या स्टँडवर पुण्याची एस.टी. लागली तेव्हा माय खिडकीखाली उभी होती. सलग दुसऱ्या वर्षी पावसानं दगा दिला होता. विहिरीचा गाळ उघडा पडला होता, आणि माझ्या नवऱ्याला भोसरीतल्या एका वर्कशॉपमध्ये काम लागलं होतं. मायनं भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी फडक्यात बांधून वर दिली. ती रडली नाही. गाडी हलली तशी थोडी बरोबर चालली आणि म्हणाली, "कौशे, तिकडं गप बसून ऱ्हाऊ नको. गात जा. करमतं."

गाणं मला मायकडूनच मिळालं. रोजगार हमीच्या कामावर बाया खडी फोडायच्या तेव्हा माय पुढं गायची आणि बाकीच्या तिच्या मागून. ओळीचा शेवटचा शब्द यायच्या आधी हातोडा खाली पडायचा. तेवढ्यापुरती माय थांबायची आणि मग शब्द सोडायची. मी तिच्या शेजारी बसूनच गायला शिकले. गाणं असंच म्हणायचं असतं, असं मला कित्येक वर्षं वाटत होतं.

भोसरीची खोली पत्र्याची होती. शेजारपाजार चांगला होता, पण कुणाचं बोलणं माझ्यासारखं नव्हतं. मी 'कावून' म्हटलं की बाया हसायच्या, म्हणून मी 'का' म्हणायला शिकले. मायचं ऐकून भजनी मंडळात जायला लागले. तिथं ढोलकीला निवृत्तीकाका असायचे. ते दिवसा कॅसेटच्या स्टुडिओत वाजवायचे. त्यांची ढोलकी घरोघरी वाजत होती, पण कुठल्याच कॅसेटवर त्यांचं नाव नव्हतं. त्यांनीच मला कोरससाठी नेलं.

स्टुडिओच्या भिंतींना सतरंजीसारखं जाड कापड होतं. रेकॉर्डिंग सुरू झालं की पंखा बंद करायचे. आम्ही कोरसच्या बाया माइकपासून लांब, घाम पुसत उभ्या राहायचो. एकदा देवीच्या गाण्यांची मुख्य गायिका आलीच नाही. सगळे खोळंबले होते, तेव्हा काकांनी माझं नाव सुचवलं. मी कानाला हेडफोन लावला आणि मायसारखी गायले. शेवटच्या शब्दाआधी थांबू नको, असं स्टुडिओच्या मालकांनी दोनदा सांगितलं. मला ते जमेना. शेवटी ते म्हणाले, राहू दे, बरं वाटतंय.

ती कॅसेट खूप चालली. कव्हरवर मात्र नाव होतं वैजयंती. कौशल्या जुनाट वाटतं, वैजयंतीला लोक ओळखतात, असं मालक म्हणाले. ही वैजयंती कोण, असं मी परतताना काकांना विचारलं. काका म्हणाले की अशी कुणी नाहीच. माझ्याआधी दोघी वैजयंती होऊन गेल्या होत्या. एक लग्न होऊन नाशिकला गेली, दुसरीचा आवाज बसला. कव्हरवरची हसरी मुलगी तर भलतीच कुणीतरी होती, तिला गाता येत होतं की नाही तेही त्यांना ठाऊक नव्हतं.

मला वाईट वाटलं नाही, असं म्हणणार नाही. पण गायला मिळत होतं. पुढं बऱ्याच कॅसेटवर मी वैजयंती झाले. गावी काही कळवलं नाही. आपलं नावच नाही तर काय सांगायचं?

मग आणखी एक दुष्काळ आला. सहकारी कारखान्याला गाळायला ऊस उरला नाही आणि त्याच्या मैदानावर जनावरांची छावणी उघडली. माय आमच्या दोन गाई घेऊन तिथं पाल ठोकून राहिली. तिला भेटायला गेले तर भाऊ मला बाजूला घेऊन म्हणाला की म्हातारीला भ्रम झालाय. छावणीतल्या चहाच्या टपरीवर देवीची कॅसेट लागली की ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते, ही माझी लेक गाती. टपरीवाल्यानं तिला कव्हर दाखवलं. लोक हसले. भावानं तिला गप राहायला सांगितलं, तरी ती ऐकेना.

मी मायजवळ गेले. ती गाईपुढं चारा टाकत होती. तुला कुणी सांगितलं, असं मी विचारलं.

"कुणी कशाला सांगंल? शेवटच्या शब्दाच्या आदी थांबती ती. तितं आपला हातोडा पडायचा. दुसरी बाई कावून थांबंल?"

मी तिचा हात धरून टपरीवर गेले. कॅसेट सुरूच होती. मायनं ती बंद करायला लावली आणि माझ्याकडं बघितलं. गाणं जिथं तुटलं होतं तिथून मी पुढं धरलं. बाकड्यावरची माणसं चहा हातात तसाच धरून बसली. चाऱ्याच्या रांगेतल्या बाया आल्या. भाऊ मान खाली घालून ऐकत होता. गाणं संपल्यावर टपरीवाल्यानं कव्हर पुढं केलं.

"मंग ह्यो फोटो कुणाचा?"

मायनं कव्हर हातात घेतलं आणि त्यावरची धूळ पदरानं पुसली. "आसंल कुणाची तरी लेक. तिचंबी नाव कुटं लिवलंय?"

पुण्याला परतल्यावर मी मालकांकडं कव्हरवर माझं नाव मागितलं. त्यांनी शांतपणे नाही म्हटलं. मीही शांतपणेच वैजयंती होणं सोडलं, आणि निवृत्तीकाकांबरोबर देवळांतून, लग्नांतून कौशल्या म्हणून गायला लागले. पुढं कॅसेटच बंद पडल्या. काका गेले. मायही गेली.

गावात आता आमचं कुणी राहत नाही. भाऊसुद्धा आमच्यासारखाच पुण्याकडं आलाय. परवा नातीनं मोबाईलवर ते जुनं गाणं लावलं. खाली लोकांनी वैजयंतीचं भरभरून कौतुक केलेलं. नात एकेक वाचत होती. मधेच केजकडच्या कुणा माणसानं लिहिलं होतं : 'ही वैजयंती न्हाई. ही आमच्या गावची कौशी हाय, खडीवर गाणाऱ्या भागीरथीची लेक.' त्याच्याखाली आणखी दोघांनी लिहिलं होतं, खरं हाय.

मायचं नाव कुठं लिहिलेलं मी पहिल्यांदाच बघत होते. नातीकडून ते पुन्हा वाचून घेतलं. लिहिणाऱ्याला मी ओळखत नाही. मी गाव सोडलं तेव्हा तो बहुतेक जन्मलाही नसेल. तुम्ही जे तिकडं गावाकडं राहिलात, त्या तुम्हाला एवढंच सांगायचंय. इथं मला स्वतःचा फ्लॅट आहे, लोक मानानं ताई म्हणतात. पण मला कौशी म्हणणारं आणि माझ्या मायला ओळखणारं माणूस तिकडं आहे तोवर माझं घर तिकडंच आहे.