हात उठला

सकाळी माझ्या सात वर्षांच्या सईकडून कप कलंडला. "दूध सांडलं," ती म्हणाली. "सांडलं नाही, तू सांडलंस!" म्हणत मी तिला एक लगावली. बायको धावत आली, तेव्हा पुटपुटलो, "डोकं तापलं होतं गं, हात उठला."

कॉलेजात मी मानसशास्त्र शिकवतो. माणूस स्वतःच्या इच्छेने वागतो की परिस्थिती त्याला वागवते, यावर तासभर बोलू शकतो. मारल्याची लाज आहेच, पण त्याहून जास्त त्या क्रियापदाची वाटते. सांडलेल्या दुधाला मी लगेच कर्ता शोधला होता आणि स्वतःच्या हाताला मात्र मोकळं सोडलं होतं.

फरशी पुसता पुसता, मान वर न करता सई म्हणाली, "उठला नाही बाबा, तू उचललास."