बांगडीतून साडी

अख्ख्या यवतमाळ जिल्ह्यात मला चारचौघांत मान खाली घालायला लावण्याची ताकद फक्त माझ्या थोरल्या साडूंमध्ये आहे. दारव्ह्याच्या ज्युनिअर कॉलेजात त्यांनी जन्मभर जीवशास्त्र शिकवलं. रिटायर झाल्यावर वर्ग सुटला, शिकवणं सुटलं नाही. आणि त्यातही जीव सगळा पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियावर. बायकोची बांगडी म्हणजे त्याचं दार आणि हाताशी येईल ती साडी म्हणजे प्रथिन. भर मांडवात आहेराची कोरी साडी बांगडीतून ओढत ते सांगणार, "पाहा, आत जाताना प्रथिनाची घडी मोडा लागते. आतमंधी मदतनीस बसले राह्यतात, ते नव्यानं घडी घालतात. नाही जमली, तर कैचीवाले तुकडे करतात. अन् अख्खा मायटोकॉन्ड्रियाच बिघडला, तर पेशी त्याच्यावर खूण करते अन् मोडीत काढते!" कैचीचं नाव निघताच साडीची मालकीण किंचाळते आणि मी जेवणाच्या रांगेत शिरून अनोळखी माणसाची चौकशी करू लागतो. एकदा जीपमध्ये त्यांनी शेजाऱ्याचं उपरणं मागून घेतलं. ते परत मिळेपर्यंत त्या गृहस्थाचं गाव मागे पडलं होतं.

म्हणून माझ्या मुलीच्या साक्षगंधाआधी मी त्यांना फोन केला. म्हटलं, "भाऊजी, उद्या मायटोकॉन्ड्रिया नको. नवरदेवाकडची, उमरखेडची पाहुणेमंडळी आहेत." "बरं भाऊ," एवढंच म्हणाले. आले ते हात मांडीखाली दाबून कोपऱ्यात बसले. माझा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात विहीणबाईच म्हणाल्या, "सर, ते बांगडीचं दाखवा की. सूनबाईनं लई कौतुक सांगितलंय." त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं. मी सतरंजीकडे पाहिलं.

साडी बांगडीतून झकास गेली. घडी मात्र होईना. हात थरथरत होते, काठाला काठ लागत नव्हता, साडी मांडीवर गोळा होत होती. कुणीतरी हसलं. धरणीनं पोटात घ्यावं असं मला झालं, आणि तेही त्यांच्या काळजीनं नव्हे, माझ्याच अब्रूपायी. मुलगी पाटावरून उठली, तिनं दुसरं टोक धरलं आणि दोघांनी मिळून घडी घातली. "पाह्यलं?" ते म्हणाले, "मदतनिसाबिगर घडी होतच नाही."

मी बायकोला आत नेऊन विचारलं, हात कधीपासून असे?

"वर्ष झालं. कंपवात आहे. साऱ्यायले माहीत आहे."

"मग मले काहून नाही सांगितलं?"

"तेच म्हणाले, त्याले नका सांगू. त्याले आधीच माही लई लाज वाटते."

बाहेर ते खिशात हात घालून जीपची वाट पाहत होते. खांद्यावरचा मानाचा शेला आणि हिची बांगडी त्यांच्यापुढे धरली. म्हटलं, "भाऊजी, मले बरोबर समजलं नाही. आणखी एकदा दाखवा न." त्यांनी हात खिशातून काढले. शेल्याचं दुसरं टोक मी धरून ठेवलं.