टिटवीचा डावा पंख

हे मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही. बायकोजवळ नाही, रोज संध्याकाळी ज्याच्याबरोबर टेकरीला चक्कर मारतो त्या मित्राजवळही नाही. तुम्हांला सांगतोय, आणि तेही मराठीत — कारण माझे व्हिडिओ बघणारे सगळे हिंदीवाले, त्यांतलं कुणी हे वाचणार नाही. म्हणजे बघा, कबूल करायला बसलो तेव्हाही आधी दार लावून घेतलं. तसाच आहे मी.

देवासला राहतो. बँकेत नोकरी आहे, आणि सुट्टीच्या दिवशी खेळण्यांचे व्हिडिओ करतो. पोरासोरांसाठी नाही, माझ्यासारखे जे केस पिकले तरी रोबो आणि अंतराळयानं जमवत बसतात, त्यांच्यासाठी. त्यातही स्वस्तातली खेळणी हा माझा विषय. खोकं उघडायचं, रंग कुठे सांडलाय ते पाहायचं, बाहुल्यांचे कोपर-गुडघे वाकवायचे, सगळं एकदा टेबलावरून खाली पाडायचं, आणि मग सांगायचं — घ्या, किंवा नका घेऊ. लोकांना ते पाडणं फार आवडायचं. खाली लिहायचे, ‘भिया सच बोलता है’ — भैयाला आमच्याकडे भिया म्हणतात. त्या वाक्याची मला किती चटक लागली होती, ते आता कळतं.

सुषमाताई माझी आतेबहीण. धारची. पीथमपूरच्या एका प्लास्टिक कारखान्यात बरीच वर्षं साचे बनवायची. मग नोकरी सोडून तिनं धारच्या बाहेर एक शेड घेतली आणि स्वतःचं खेळणं काढलं. भागीदार होते गेंदालाल भिया — मूळचे मनावर गावचे, त्याच कारखान्यात मशीनवर असायचे. डोकं ताईचं, मशीन चालवणं आणि प्लास्टिकचा दाणा आणणं भियांकडे. ताई त्यांना राखी बांधायची. तिला सख्खा भाऊ नाही. मी होतो, पण मी देवासला.

खेळणं म्हणजे एक अंतराळयान आणि त्यातली तीन माणसं: कप्तान बाई, एक मिस्त्री आणि एक चार हातांचा परग्रहावरचा पाहुणा. यान खाली उतरताना बारीक लांब पाय बाहेर काढायचं, म्हणून ताईनं त्याचं नाव ठेवलं टिटवी. खोक्यावर ‘टिटहरी’ छापलं होतं. किंमत अशी, की कुठल्याही मास्तरानं पोराच्या वाढदिवसाला विचार न करता घ्यावी. आणि पंख! पंख दुमडून पोटाशी घेता यायचे. बारीकशा बिजागरीवर फिरायचे आणि जागेवर बसले की टक् असा आवाज यायचा. महागड्या विलायती खेळण्यांतसुद्धा इतका नेमका आवाज मी ऐकला नव्हता.

ताईनं पहिल्या मालातला एक सेट मला पाठवला. फोनवर म्हणाली, ‘‘अवि, तू माझा भाऊ आहेस म्हणून बरं बोलू नकोस हां. जे आहे ते बोल.’’

जे आहे ते.

रविवारी दुपारी घरी कुणी नव्हतं. मी कॅमेरा लावला आणि खोकं उघडलं. कप्तान बाईचं शिरस्त्राण निघत होतं, आत चेहरा होता — आणि चेहऱ्याला भाव होते. मिस्त्रीच्या हातात पाना बसत होता. पाहुण्याच्या एका हाताचा रंग थोडा पसरला होता, एवढंच. टेबलावरून टिटवी पाडली. आपटली, उसळली, कपाटाखाली गेली. काढून पाहिली तर ओरखडासुद्धा नाही. मी मनापासून म्हणालो, घ्या. या भावात असं खेळणं मी पाहिलेलं नाही.

तो व्हिडिओ कुणीच पाहिलेला नाही. कारण तो मी पुसून टाकला.

का? हे मी स्वतःला इतक्यांदा विचारलंय, की आता उत्तरांवर माझाच विश्वास राहिलेला नाही. तेव्हा माझे व्हिडिओ लोक कमी बघायला लागले होते, हे खरं. ‘आजकल सबकी तारीफ करते हो भिया’ असं कुणीतरी लिहिलं होतं, हेही खरं. बहिणीच्या मालाची स्तुती केली आणि नातं बाहेर आलं तर? हीसुद्धा भीती होती. पण भीती असती तर मी व्हिडिओ केलाच नसता. गप्प बसलो असतो. मग?

त्याच आठवड्यात बाबांनी टिटवी हातात घेतली होती. पंख दुमडले, उघडले, पुन्हा दुमडले. आणि हसत म्हणाले, ‘‘सुषमानं काहीतरी बनवलं बुवा. तू नुसता दुसऱ्यांच्या वस्तूंवर बोलत असतोस.’’ वाईट हेतू नव्हता त्यांचा. लगेच चहा मागितला. मीच करून दिला.

तर त्या रविवारी कॅमेरा बंद केला, आणि मी टिटवीचा डावा पंख उलट्या बाजूला वाकवला. जिकडे तो वळायचा नाही, तिकडे. तुटला नाही. ताईनं चांगला बनवला होता. पुन्हा वाकवला. बिजागरीजवळ प्लास्टिक पांढरं पडलं. मी करत राहिलो — रागानं नाही, अगदी शांतपणे, नख कापावं तसं. शेवटी बारीक चीर दिसली. मग कॅमेरा पुन्हा लावला, टिटवी हातात घेतली आणि दोन बोटांनी पंख हळूच उघडला.

पंख माझ्या हातात आला. मी कॅमेऱ्याकडे बघून भुवया उंचावल्या. त्या भुवया मला अजून दिसतात.

तो व्हिडिओ लोकांनी डोक्यावर घेतला. माझा दुसरा कुठलाच इतका पाहिला गेला नाही. पंख हातात येतो तेवढा तुकडा कापून लोकांनी एकमेकांना पाठवला, त्यावर विनोद केले. इंदूरच्या दुकानदारांनी माल घेणार म्हणून सांगितलं होतं, त्यांनी नाही म्हटलं.

ताईचा फोन आला. मी वाट पाहत होतो की ती भांडेल. भांडली असती तर मी कदाचित — नको. कदाचित काही नाही. ती म्हणाली, ‘‘तुझ्याकडून तरी खरं कळलं. एखाद्या पोराच्या हातात तुटून लागलं असतं म्हणजे? तुकडा घेऊन येतोस का?’’

घेऊन गेलो. देवासहून इंदूर, इंदूरहून धार, बसमध्ये खिशात तो पंख. वाटेत फेकून द्यावा, हरवला म्हणावं, हे मनात आलं. फेकला नाही. प्रामाणिकपणा म्हणून नाही. पुरावा माझ्याच बाजूनं बोलेल, हे मला ठाऊक होतं.

शेडमध्ये मशीन बंद होतं. ताईनं पंख उजेडात धरला आणि बराच वेळ पाहिला. नव्या दाण्यात जुनं प्लास्टिक मिसळलं की माल ठिसूळ होतो, आणि दाणा आणायचे गेंदालाल भिया; तिनं त्यांना हाक मारली. ते हात पुसत आले. ताईनं विचारलं — आवाज न चढवता, आणि तेच जास्त वाईट होतं — ‘‘भिया, नए दाने में पुराना माल मिलाया था क्या? सच बता दो, मैं कुछ नहीं कहूँगी.’’

भिया म्हणाले, ‘‘नी बेन. म्हने कई नी मिलायो. माल चोखो थो.’’

‘‘फिर ये टूटा कैसे?’’

त्यांनी पंख घेतला, फिरवून पाहिला. मग माझ्याकडे पाहिलं. संशयानं नाही हो. आपल्या बाजूनं कुणी दोन शब्द बोलेल का, असं माणूस बघतो ना, तसं. म्हणाले, ‘‘अवि भिया, तमारा हाथ में अपने-आप टूट्यो?’’

विचार करायला वेळ होता मला. घाईत निघालेला शब्द नव्हता तो. बाहेर रस्त्यानं एक ट्रॅक्टर गेला, त्याचा आवाज हळूहळू विरला. तेवढ्या वेळात माणूस आपलं आयुष्य नीट करू शकतो.

मी म्हणालो, ‘‘हाँ.’’

भियांनी पंख टेबलावर ठेवला. खुंटीवरचा शर्ट घातला, ताईला हात जोडले, मला जोडले, आणि गेले. त्यांनी भांडण केलं नाही, म्हणून ताईला वाटलं गुन्हा कबूल झाला. त्या वर्षी राखी गेली नाही.

मग ताईनं बिजागरीच काढून टाकली. पंख जाडजूड केले, एका जागी पक्के. आता ते तुटणं शक्य नव्हतं, पण दुमडतही नव्हते. ती टिटवी कुणी विकत घेतली नाही. हातात घेऊन करायचं काय तिचं? आज त्या शेडमध्ये औषधांच्या बाटल्यांची झाकणं निघतात. ताईचं बरं चाललंय. भिया मनावरला परत गेले. पाइपांच्या दुकानात कामाला आहेत, असं ऐकतो. मी कधी गेलो नाही. अमझेऱ्यापर्यंत एका लग्नाला गेलो होतो, तिथून मनावर फार दूर नाही. तिथूनही परतलो.

माझं चॅनल चालू आहे. लोक अजून तेच वाक्य लिहितात.

मागच्या गणपतीत ताई आमच्याकडे आली होती. जेवणं झाली होती. तिनं आपणहूनच विषय काढला. एरवी ती काढत नाही. म्हणाली, ‘‘गेंदालाल भिया माणूस वाईट नव्हते रे. चूक कुणाच्याही हातून होते. त्यांनी एकदा तोंडानं सांगितलं असतं ना, की हो, केलं मी — तर मी तिथल्या तिथे सोडून दिलं असतं. खोटं बोलले, ते लागलं.’’

मी तिच्या समोरच बसलो होतो. बायको आत भांडी आवरत होती, बाबा झोपले होते, घाई कसलीच नव्हती.

मी म्हणालो, ‘‘खरंय, ताई.’’